निवडुंग्याच्या रांगेत

आमचं घर नाना पेठेत. तिथून निवडुंग्या विठोबा पाच मिनिटांवर, आणि वाटेत कुणी गप्पिष्ट भेटला तर पंधरा. एरवी वर्षभर कधीही जा, विठोबाला तुमच्यासाठी वेळच वेळ असतो. तोच विठोबा यंदा साडेतीन तास रांगेत उभं राहून भेटला, तेही दोन्ही टाचांना फोड घेऊन.

पालखी मी जन्मापासून बघतोय, पण लक्ष्मी रोडच्या कडेला उभं राहून. टाळी वाजवायची, केळी वाटायची, रथ गेला की घरी जेवायला. यंदा पहिल्यांदाच आळंदीपासून चाललो. एका ओळखीच्यांमुळे रथामागच्या एका दिंडीत घेतलं मला. बहुतेक मंडळी जिंतूर तालुक्यातली. टाळ धरायला दिला होता, पण दोन अभंगांत माझा ठेका चुकतोय हे लक्षात आल्यावर पखवाजवाल्याने मान हलवली आणि टाळ आपोआप शेजारच्याकडे गेला.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान होतं आणि ती रात्र माउली आळंदीतच काढतात. खरी चाल नवमीची. थोरल्या पादुका, दिघी, विश्रांतवाडी असं करत पुणं. अंतर म्हणाल तर फार नाही, मोटारसायकलवर मी कधी मोजलंही नसतं. पण सगळे सांगत असताना नवे कोरे बूट घालून निघालो होतो. दुपारच्या जेवणाला फुलेनगरला टेकलो तेव्हा मोजे टाचेला चिकटले होते.

आमच्या दिंडीतल्या एका आजींनी ते बघितलं. काही न विचारता त्यांनी कमरेच्या पिशवीतून सुई काढली, काडीवर तापवली, दोरा ओवला आणि फोडाच्या एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने काढला. दोरा आतच ठेवून दोन्हीकडे बोटभर टोकं सोडली. "आता पाणी त्याच्या त्याच्यानं गळतंय. कातडं वढू नका." बूट त्यांनी स्वतःच उचलून दिंडीच्या ट्रकमध्ये फेकले आणि कुणाच्या तरी जादा चपला आणून समोर ठेवल्या. त्या दीड बोट मोठ्या होत्या. पंढरपूरपर्यंतचं दुकान त्यांच्या पिशवीत होतं: सुई, दोरा, सुपारी, मेणकापड, गोळ्यांची अर्धी पाकिटं.

संगमवाडीहून पुढे पाटील इस्टेटपाशी आलो आणि शहर अंगावर आलं. आकुर्डीहून निघालेले तुकोबा खडकीकडून येतात, माउली आमच्या बाजूने, आणि पुढे एकच रस्ता. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज १६८५ पासून दोघांच्या पादुका एकाच पालखीत नेत असत. हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा वेगळा केला तो १८३२ च्या सुमारास. वाटणी होऊन इतकी वर्षं झाली तरी पुण्यात शिरताना दोघांना आजही एकाच गर्दीतून जावं लागतं, हे मला बरं वाटतं.

फर्ग्युसन रोडवर हातात काय काय आलं! राजगिऱ्याचा लाडू, केळी, रेनकोट, पुन्हा केळी, पुन्हा रेनकोट. देणाऱ्याच्या बाजूला मी चाळीस वर्षं उभा राहिलोय, तिथं काही वाटत नाही. घेताना मात्र हात पुढे होईना. बेलबाग चौकाच्या आसपास तर मान खाली घालूनच चाललो, न जाणो कुणी ओळखीचं निघायचं. निघालंच. आमच्याच गल्लीतला एक पोरगा पाण्याची बाटली देत "घ्या माउली" म्हणाला आणि पुढच्याकडे वळला. त्याने मला ओळखलं नाही. टोपी आणि बुक्का एवढ्यानं माणूस बदलतो का, की मी गर्दीतल्यांचे चेहरे कधी बघायचो?

माउलींचा मुक्काम भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात, तुकोबांचा निवडुंग्या विठोबात. दोघांचा पुण्यात दोन रात्री पाहुणचार. दशमीला आजी म्हणाल्या, "माउलीचं झालं, आता तुकोबाकडं जाऊ." मी म्हटलं, चला, वाट दाखवतो. तर त्याच पुढे निघाल्या.

बावीस वर्षं वारी करतात त्या. त्यांचं पुणं माझ्या पुण्यापेक्षा वेगळं निघालं. कुठल्या महापालिकेच्या शाळेत पहाटे तीनलाच नळ येतो, कुठल्या देवळाचा ओटा पावसातही कोरडा राहतो, बायकांची रांग कुठल्या गल्लीत कमी असते, हे सगळं त्यांना पाठ. दुल्या मारुती त्यांना "चहाचा मारुती" म्हणून माहीत. पत्र्या, जिलब्या, सोन्या अशी नावं आम्हीच मारुतींना दिलेली, त्यात आणखी एकाची भर पडली तर हरकत कशाला घेऊ? निवडुंगाच्या जाळीत मूर्ती सापडली म्हणून निवडुंग्या, एवढं मी त्यांना सांगितलं. त्यांना ते ठाऊक होतं.

रांग आमच्या स्पेअर पार्टच्या बाजारातून वळत होती. शटर अर्धी खाली. ग्रीसचा वास, त्यात बुक्का, तुळस आणि ओल्या धोतरांचा वास. पुढच्या एका बाबांनी विचारलं, "कुठलं गाव?"

"इथलाच. ती मागची गल्ली."

बाबा बराच वेळ बघत राहिले. "मंग घरी जायाचं की! हितं कशाला उभं राहिले?"

रांगेत हशा पिकला. उत्तर मला सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर एकदा मनात येऊन गेलंही होतं की घरी जावं, जेवावं, रात्री दोनला येऊन शिरावं. आजींनीच परस्पर सांगितलं, "चालत आलाय तो आळंदीहून. मंग लाइनीतच उभं राहायचं असतंय."

सभामंडपात शिरल्यावर मात्र सगळं झटपट. "चला माउली, चला." पादुकांवर कपाळ टेकलं, मागून कुणाचा तरी हात पाठीवर आला, आणि मी दक्षिणेच्या थाळीपलीकडे ढकलला गेलो. विठोबाकडे नीट बघायचं राहूनच गेलं. तो काय, पुढच्या आठवड्यात तिथेच असेल.

बाहेर आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. दिंडी ज्या शाळेत उतरली होती तिथे फरशी ओली. आजींनी विचारलं, "पुठ्ठा मिळंल का हो कुठं? खालून गारवा चढतोय."

दुकान आमचंच. पुठ्ठा आम्ही भंगारवाल्याला किलोवर विकतो. शटर उघडलं, क्लचप्लेटची, ब्रेकशूची खोकी मोडून सपाट केली आणि दोन फेऱ्यांत शाळेत पोचवली. बायकांनी ती ओळीने अंथरली, एकमेकींना सरकवून दिली. खोक्यावरच्या तेलाच्या डागांवर कुणी मेणकापड टाकलं. घर इतकं जवळ असून मीही त्या रात्री तिथेच पुरुषांच्या खोलीत झोपलो. झोपलो म्हणजे आडवा झालो. घोरण्याचाही एक अखंड गजर असतो.

योगिनी एकादशीला पहाटेच निघायचं होतं. उपास, आणि त्यात दिवे घाट. काकडा झाला, ट्रक भरला गेला. टाचेतले दोरे सुकून कडक झाले होते. चपला घालून मी अंधारात गल्लीच्या तोंडाशी आलो तर आमच्या शटरला टेकून पुठ्ठ्यांचा गठ्ठा उभा होता. घडीवर घडी, मधून सुतळी बांधलेली.

आजी दिंडीत पुढे होत्या. मी गाठेपर्यंत हडपसरची वाट लागली होती. म्हटलं, "अहो, टाकून द्यायचे होते ते."

"टाकू कशाला?" त्या चालता चालता म्हणाल्या. "पुढल्या साली लागतेत. माळ्यावर ठिवा. उंदरापासून संभाळा मात्र."