आमची वाटचाल : घाटाच्या पायथ्याचे क्लचवाले

आमचं वर्कशॉप शिरवळला, हायवेच्या कडेला. १९९६ साली एक जुनं लेथ आणि रिव्हेट मारायचा हातप्रेस एवढ्यावर सुरू केलं. साताऱ्याकडे जाणारी भरलेली गाडी इथून पुढे खंबाटकी चढते. गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही, घाटच पाठवायचा. पुढची वीस-बावीस वर्षं लायनिंग म्हणजे क्लचचा घासणारा थर बदलणं, फेसिंग म्हणजे झिजलेली पाठ लेथवर सपाट करणं, फ्लायव्हीलच्या कडेची दातेरी रिंग गिअर तापवून बसवणं यात गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते २०१८चं. त्या जुलैत केंद्र सरकारने एक्सलवर चालणाऱ्या भाराची मर्यादा वाढवली, दहा चाकी गाडीचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झालं. कागदावर वजन वाढलं, पण गाडीत क्लच प्लेट, म्हणजे घासून पकड घेत इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारी चकती, तीच जुनी. आमचे अण्णा, खडीच्या दोन गाड्यांचे मालक, पहिल्या वर्षापासूनचे. उधारी कधी ठेवली नाही आणि घासाघीस केल्याशिवाय पैसेही कधी दिले नाहीत. चार महिन्यांत तिसरी प्लेट जाळून आले आणि म्हणाले, "मिस्त्री, आता काय ते कायमचं करा."

म्हणून डबल प्लेट. एका प्लेटला घासणाऱ्या बाजू दोन, दोन प्लेटांना चार. दाब तोच, व्यास तोच, पकड दुप्पट. पण मग मधली प्लेट आली, खोल फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेली जड चकती, जिच्यावर प्लेट दाबली जाते) आलं. दोन्ही प्लेटा सारख्या सुटल्या नाहीत तर गिअर किरकिरतो. आणि क्लच घसरायचा बंद झाला की झटका पुढे जातो, मागच्या चाकांकडे ताकद नेणारे क्रॉस आणि क्राउन-पिनियन रडायला लागतात. हे सगळं अण्णांना आधी सांगितलं होतं.

पहिल्या चार गाड्या मी स्वतः केल्या, उत्तम चालल्या. कामं वाढली तशी पुढच्या तीन फ्लायव्हीलचं फेसिंग बाहेर दिलं. टर्नरने जळका निळा थर जाईपर्यंत आतली पाठ दीड मिलिमीटर घेतली आणि स्प्रिंगने दाब देणारी प्रेशर प्लेट जिथे बोल्टने बसते ती कडा तशीच ठेवली. खोल फ्लायव्हीलला जेवढं आतून घ्याल तेवढंच कडेवरूनही घ्यावं लागतं, नाहीतर स्प्रिंगचा दाब उतरतो. दिसायला फ्लायव्हील आरशासारखं. मी बोट फिरवलं, खूश झालो आणि बसवलं. खोली मोजायचं डेप्थ गेज माझ्याच पेटीत, फडक्यात गुंडाळलेलं होतं.

तिन्ही गाड्या महिन्याभरात परत आल्या. एक तर घाटाच्या मध्यावर, भर सकाळी, धूर काढत उभी राहिली. मागे रांग लागली, ड्रायव्हरने शिव्या खाल्ल्या, त्याने त्या फोनवरून माझ्यापर्यंत पोचवल्या. तिघांचे पैसे परत दिले, गिअरबॉक्स उतरवायची मजुरी आणि क्रेनचं भाडंही दिलं. त्यासाठी नवीन घेतलेलं मशीन निम्म्या किमतीत विकलं. दोन पोरं सोडून गेली.

समोरच्या गॅरेजवाल्याची तेव्हा दिवाळी झाली. नाव घेत नाही. दोन वर्षं आमच्याकडेच रिव्हेट मारायला होता. ड्रायव्हरांना चहा पाजायचा आणि सांगायचा, "यांचा जुगाड घाटात सोडतो." चूक माझी होती, मान्य. पण चांगल्या चालणाऱ्या चार गाड्यांबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. अण्णांनी मात्र त्याच आठवड्यात दुसरी गाडी आणून लावली. "पहिली चालतेय ना? मग हिलाही तेच. दोन हजार कमी घ्या." घेतले कमी.

ड्रायव्हर मंडळींनो, विचारलं नसलंत तरी सांगतो. चढावर गाडी हाफ क्लचवर धरू नका, हँडब्रेक त्यासाठीच आहे. पेडलवर पाय ठेवून गाडी चालवायची सवय सोडा. आणि मालकांनी प्लेट बदलताना फ्लायव्हील स्वतः बघावं. जाळीसारख्या चिरा असतील तर नवी प्लेट म्हणजे पैसे जाळणं.

आता फेसिंग घरचंच. प्रत्येक फ्लायव्हीलची खोली आधीची आणि नंतरची, दोन्ही वहीत लिहिल्याशिवाय बोल्ट लागत नाही.

समोर हल्ली पाटी लागली आहे, 'डबल प्लेट स्पेशालिस्ट'. गेल्या महिन्यात त्याने पोराला डेप्थ गेज मागायला पाठवलं. दिलं. अजून परत आलेलं नाही.