नवऱ्याचं वय आणि आयव्हीएफ: ‘नॉर्मल’ रिपोर्ट कुठे फसवतो

मूल होत नसलं की इंदूरच्या मराठी घरांत पहिली फाइल तयार होते ती सुनेच्या नावाची. एएमएच (स्त्रीबीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी), थायरॉइड, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, सगळं होतं. नवऱ्याची वीर्यतपासणी सहा महिन्यांनी, तीही डॉक्टरांनी दोनदा म्हटल्यावर. ‘त्याला काय धाड भरलीय, आपल्याकडे पन्नाशीत बाप झालेत लोक’ हे टिळकनगरपासून सुदामानगरपर्यंत सारखंच ऐकू येतं. क्रम उलटा हवा. ही तपासणी स्वस्त आहे, तिला सुई टोचावी लागत नाही आणि निकाल बहुतेक वेळा त्याच दिवशी हातात पडतो.

आधी प्रमाण सांगायला हवं. आयव्हीएफच्या (शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या उपचाराच्या) यशात बायकोच्या वयाचं वजन नवऱ्याच्या वयापेक्षा कितीतरी जास्त आहे. पण म्हणून नवऱ्याचं वजन शून्य धरता येत नाही. शुक्राणू रोज नवे बनतात, पण ते बनवणाऱ्या मूळ पेशी जुन्याच असतात. त्या वर्षाला साधारण २३ वेळा विभागतात आणि प्रत्येक वेळी डीएनएची नक्कल करताना चूक राहू शकते. आइसलँडमधल्या कुटुंबांवरच्या २०१२ सालच्या अभ्यासात २० वर्षांच्या बापाकडून मुलाकडे सुमारे २५ नवे बदल जातात, तर ४० वर्षांच्या बापाकडून ६५, असं दिसलं. म्हणजे वर्षाला दोनेक. यातले बहुतेक निरुपद्रवी असतात. अकॉन्ड्रोप्लेझिया (हातपाय आखूड राहणारा बुटकेपणा) यांसारखे काही आजार मात्र बापाच्या वयाबरोबर वाढतात. ते मुळातच फार दुर्मिळ, म्हणून वाढूनही धोका थोडाच राहतो.

आता रिपोर्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या पुस्तिकेनुसार किमान मर्यादा अशा: वीर्य १.४ मिलि, शुक्राणू मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. हे सरासरीचे आकडे नाहीत. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस राहिले, अशा पुरुषांतल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांची ती सीमा आहे. जेमतेम ओलांडली तरी ‘नॉर्मल’चा शिक्का बसतो. त्यातून वयाचा परिणाम आधी वीर्याच्या प्रमाणावर आणि हालचालीवर होतो, काउंट (शुक्राणूंची संख्या) बराच काळ टिकतो. सत्तेचाळिसाव्या वर्षी काउंट पाच कोटी आला की सगळं घर निश्चिंत होतं. डीएनए किती तुटलाय हे त्या कागदावर नसतंच.

त्यासाठी डीएफआय (किती टक्के शुक्राणूंचा डीएनए तुटलाय ते सांगणारी) ही वेगळी तपासणी आहे. ३० टक्क्यांच्या वर निकाल आला तर काळजी करायची. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने ती करावी असं मला वाटत नाही, पैसे फुकट जातात. दोनदा गर्भपात झाला असेल, किंवा गर्भ तिसऱ्या दिवसापर्यंत उत्तम वाढून पाचव्या दिवसाच्या ब्लास्टोसिस्टपर्यंत पोहोचत नसतील, तर जरूर करावी. पहिले दोन-तीन दिवस गर्भ स्त्रीबीजातल्या साठ्यावर चालतो, त्याची स्वतःची जनुकं चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर जागी होतात. त्यामुळे बापाकडचा बिघाड तेव्हाच उघडा पडतो. तरुण स्त्रीबीज यातली बरीच तूटफूट दुरुस्त करतं, चाळिशीचं तितकं करू शकत नाही. दोघंही चाळिशीपार असली की गणित बिघडतं ते इथे.

नमुना देताना आधीच्या वीर्यस्खलनापासून दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवायचं. ‘साठवून’ दहा-बारा दिवसांनी दिला तर काउंट फुगतो, पण हालचाल मंदावते आणि डीएफआय वाढतो. घरून आणायचा असेल तर तासाच्या आत, तोही आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. मे महिन्यात डॅशबोर्डवर ठेवलेली डबी कामातून गेली म्हणून समजा, एसीच्या झोताखालचीही तशीच. देवास किंवा महूहून येणाऱ्यांनी ए. बी. रोडच्या गर्दीवर भरवसा न ठेवता क्लिनिकमध्येच द्यावा. निकाल वाईट आला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावा, एका रिपोर्टवर निदान करू नये.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, बाहेर यायला आणखी दोनेक आठवडे. म्हणून कुठलाही बदल तीन महिन्यांनी दिसतो. उष्णता हा मोठा शत्रू: सराफ्यातल्या कढईपुढे उभे राहणारे, पिथमपूरच्या भट्टीवरचे, दिवसभर ट्रक चालवणारे. अंडकोषांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. सिगारेट, तंबाखू सोडायची. व्हेरिकोसील (अंडकोषाजवळच्या फुगलेल्या शिरा) आहे का बघून घ्यायचं. वयाबरोबर येणारी दोन कारणं हमखास निसटतात. एक, जुना मधुमेह. दुसरं, प्रोस्टेटसाठी चालू असलेली टॅम्सुलोसिन. दोन्हींत वीर्य उलटं मूत्राशयात जाऊ शकतं. प्रमाण फारच कमी येत असेल तर नंतरची लघवी तपासली की कळतं. ‘अशक्तपणा’साठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणं तर सरळ घात आहे, त्याने काउंट शून्यावर येऊ शकतो. मात्र कुठलंही चालू औषध डॉक्टरांना न विचारता थांबवायचं नाही.

बायको ३९ची असेल तर नवऱ्याच्या सुधारणेसाठी हे तीन महिने थांबू नये, दोन्ही कामं बरोबरीने चालवावीत.

झिंक आणि फॉलिक अॅसिडच्या पाकिटांवर फार खर्च करू नका. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर सहा महिने चाचणी झाली, निष्कर्ष २०२० साली आले. मुलं जन्मण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही, उलट औषध घेणाऱ्यांत डीएनए तुटण्याचं प्रमाण थोडं जास्तच निघालं.

इक्सी या आयव्हीएफच्याच प्रकारात एकेक शुक्राणू निवडून स्त्रीबीजात सोडतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली निवडताना तुटलेला डीएनए दिसत नाही. पीजीटी-ए ही गर्भाची तपासणी गुणसूत्रांची संख्या मोजते, बापाच्या वयाने आलेला डीएनएतल्या एका अक्षराचा बदल त्यात सापडत नाही. अकॉन्ड्रोप्लेझियातला आखूडपणाही बहुधा २४ आठवड्यांनंतरच दिसू लागतो. १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चांगली आली, तरी बापाचं वय जास्त असेल तर पुढच्या महिन्यांतली एक तपासणी डॉक्टरांना विचारून घ्यावी.

२०२१ च्या एआरटी (साहाय्यित प्रजनन) कायद्याप्रमाणे क्लिनिक ५५ वर्षांखालच्या पुरुषालाच सेवा देऊ शकतं, बायकोसाठी ही मर्यादा ५० आहे. आणि स्त्रीबीजं काढण्याच्या दिवशी, दडपणाखाली, नमुना देता न येणं पंचेचाळिशीनंतर नवलाचं नाही. ट्रिगरनंतर (स्त्रीबीजं पिकवणाऱ्या शेवटच्या इंजेक्शननंतर) ३४ ते ३६ तासांत बीजं काढावीच लागतात, ती वेळ पुढे ढकलता येत नाही. म्हणून आधीच्या महिन्यात एक नमुना गोठवून ठेवायला सांगा. गोठवताना काही शुक्राणू मरतात, पण इक्सीला लागतील तितके बहुतेक वेळा उरतात.