कळमन्याचा माल

जानेवारीत पुण्याला ताईकडे निघालो होतो. नागपूरकरानं संत्र्याशिवाय पुण्यात उतरणं म्हणजे गुन्हाच. पण आंबिया बहार सरत आलेला, मृगाचा अजून यायचा होता. गोकुळपेठच्या बाजारात एका गाड्यावर केशरी, चकचकीत ढीग दिसला.

"नागपुरी आहे ना, भाऊ?"

"आज सकाळीच कळमन्याहून उचलला, बाप्पा. घ्या!"

दोन किलो घेतला. घरी एक सोलायला बसलो तर साल सुटेना. आपला संत्रा कसा, नख लावलं की सदरा काढल्यासारखी साल हातात येते. हा किनू होता. पंजाब-राजस्थानकडचा, घट्ट सालीचा, बियाळ.

भांडायला जावं तर म्हणणार काय? कळमना मार्केटात बाहेरचा मालही उतरतोच. माणूस अक्षरानं खोटं बोललाच नव्हता. मी विचारलं एक, त्यानं उत्तर दिलं भलत्याच प्रश्नाचं, आणि मधली फट मीच बुजवली.

आपण अशा वेळी 'नरो वा कुंजरो वा' म्हणून मोकळे होतो, पण त्याचा अर्थ आपण मोघम बोलणं असा करून ठेवलाय. धर्मराज मोघम कुठे बोलला? द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवावं म्हणून नेम धरून सोडलेलं वाक्य होतं ते. आणि ते खरं ठरावं म्हणून भीमानं आधी अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला, तोही आपल्याच सैन्यातला! सरळ खोटं बोलले असते तर निदान हत्ती तरी वाचला असता. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा धर्मराजाचा रथ त्या दिवशी खाली टेकला, म्हणजे व्यासांनी निकाल देऊन टाकलेलाच आहे. गाडेवाल्याचा गाडा तर पहिल्यापासूनच जमिनीवर होता, त्याला काय फरक पडतो म्हणा.

नवी संत्री शोधायला वेळ नव्हता. तीच पिशवी घेऊन गाडीत बसलो.

ताईनं पिशवीत डोकावून विचारलं, "नागपुरी का रे?"

"नागपूरहूनच आणली!"

तो 'हूनच' मी वर्ध्यापासून घोळवत आलो होतो.

रात्री जेवणानंतर ती सोलायला बसली. नखांशी बराच वेळ झटापट चालली होती.

"यंदा साल फार घट्ट आहे, नाही?"

"आमच्याकडे थंडी फार पडली यंदा," मी म्हणालो.

थंडी खरंच पडली होती.