हेलन त्याला सोडून का जात नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘द पॅनिक इन नीडल पार्क’ हा सिनेमा मी कुणालाही दाखवला की दिवे लागल्या लागल्या हाच प्रश्न येतो, आणि विचारणारा बहुधा चिडलेला असतो. ‘एवढं सगळं होऊनही ती त्याच्याकडेच कशी राहते?’

आधी थोडक्यात. सिनेमा १९७१चा, दिग्दर्शक जेरी शॅट्झबर्ग, पटकथा जोन डिडियन आणि जॉन ग्रेगरी डन या नवरा-बायकोची. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ७२व्या रस्त्यापाशी शर्मन स्क्वेअर आहे, तेव्हाचा हेरॉइनवाल्यांचा हा अड्डा म्हणजेच ‘नीडल पार्क’. ‘पॅनिक’ म्हणजे बाजारातला माल आटला की उडते ती घबराट. लोक बघायला बसतात ते अल पचिनोसाठी (‘गॉडफादर’ यायला अजून एक वर्ष होतं), पण कान महोत्सवात अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं ते हेलन झालेल्या किटी विनला. योग्यच होतं ते.

आता उत्तर. सोडून जायचं तर जायला कुठेतरी जागा लागते. हेलन पहिल्यांदा दिसते तेव्हा ती गर्भपात करून परतलेली असते, आणि ज्याच्यामुळे ही वेळ आली त्या चित्रकाराला तिच्याकडे बघायला फुरसत नसते. बॉबी, म्हणजे पचिनो, हा त्या चित्रकाराकडे माल द्यायला आलेला भुरटा विक्रेता. तो तिची विचारपूस करतो, पुढे हॉस्पिटलात भेटायला जातो. तो खोटं वागत नसतो, हे लक्षात ठेवा. तो खरंच मायाळू आहे, आणि घोळ तिथेच आहे. वाईट माणूस असता तर प्रश्न सोपा होता.

मग एक दिवस तो घरी येतो, तिच्या चेहऱ्याकडे बघतो आणि त्याला कळतं की आज हिनंही हेरॉइन घेतलंय. सगळ्या सिनेमात मला हाच क्षण सर्वांत भीतीदायक वाटतो. भांडण नाही, रडारड नाही. पार्श्वसंगीत तर या सिनेमात मुळातच नाही, त्यामुळे आपण काय वाटून घ्यायचं हेही कुणी सुचवत नाही.

इथून पुढे संसार घड्याळावर चालतो. हेरॉइनचा अंमल चार-सहा तासांत ओसरतो. त्यानंतर काही तासांतच टर्की, म्हणजे मात्रा न मिळाल्याचा त्रास, लागायला सुरुवात होते: नाक गळतं, हाडं दुखतात, पोटात पिळवटतं, झोप उडते. पैसे कुणी आणायचे, माल कुणी, हे दोघांत वाटलेलं असतं. ती शरीर विकते, तो विक्री करतो. एकमेकांची काळजी घेणं आणि एकमेकांची सोय बघणं यांतला फरक हळूहळू दिसेनासा होतो. तुम्ही म्हणता तिनं बॉबीला सोडावं. पण तिनं नेमकं काय सोडायचं, माणूस की मात्रा? ते वेगळं काढून दाखवायला तिलाही जमणार नाही.

एकदा सुधारायचं ठरवून ती दोघं कुत्र्याचं पिल्लू आणतात. परतताना फेरीबोटीवरच तलफ येते. दोघं पुरुषांच्या स्वच्छतागृहात शिरतात, कुंईकुंई करणारं पिल्लू दाराबाहेर ठेवलं जातं. हेलन बाहेर धावते तोवर ते पाण्यात पडलेलं असतं. कुणाला हा प्रसंग भडक वाटतो. मला नाही वाटत. त्या दोघांना एका पिल्लापुरतंही बाहेर थांबता आलं नाही, एवढंच तो सांगतो.

आणि खरं तर ती एकदा त्याला सोडतेच की! गोळ्या विकताना पकडली गेल्यावर पोलीस तिच्यासमोर सौदा ठेवतो आणि ती बॉबीला पकडून देते. सिनेमा आला त्याच वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांचं व्यसन हा देशाचा एक नंबरचा शत्रू ठरवला होता. इथे त्या लढाईचं हत्यार काय, तर एका मुलीचं तिच्या मित्राशी असलेलं नातं.

बॉबी सुटतो तेव्हा ती तुरुंगाबाहेर उभी असते. तो आधी चिडतो, तिला टाळून चालू लागतो. मग थांबून विचारतो, ‘काय मग?’ आणि दोघं बरोबर निघतात. सिनेमा संपतो. लोक ‘बघा, परत गेली!’ म्हणून उसासे टाकतात तेव्हा माझ्या मनात मात्र त्या दिवसाची संध्याकाळ असते. तुरुंगात राहून शरीराची सवय मोडलेली असते, मात्रा मात्र त्याला जुनीच आठवत असणार, आणि तीच आता जिवावर बेतू शकते.