नागपूरच्या उन्हाळ्यात घरचा ब्रेड

रेसिपीत लिहिलं होतं, 'मळलेलं पीठ दीड तास उबदार जागी झाकून ठेवा.' नागपूर, मे महिना, बाहेर 45 अंश. उबदार नसलेली जागा घरात एकच होती, कूलरसमोर, आणि तिथे सासरे झोपले होते.

पीठ ओट्यावर ठेवलं, गजर लावला आणि मी कामाला बसले. दीड तासाने बघते तर पीठ भांड्याच्या काठावरून ओघळून ओट्यावर आलेलं, मधोमध खड्डा, आणि वास असा की सासूबाईंनी पदर नाकाला लावला. "बाप्पा! काहून गं, दारू गाळली का घरात?" तरी हट्टाने भाजला. वर यायच्या ऐवजी आडवा पसरला, आतून आंबट, सुरी लावली की भुगा. पोट्ट्यांनी जॅम लावून एकेक तुकडा खाल्ला आणि दुसरा मागितला नाही.

चीड याची आली की हीच कृती जानेवारीत जमली होती. तेव्हाही पहिला घाणा फसलाच होता म्हणा. 'कोमट दूध' या शब्दाने घात केला. आपलं कोमट म्हणजे चहाच्या जवळपासचं. यीस्ट हा जिवंत जीव, 55-60 अंशांच्या आसपास मरतो. माझं यीस्ट तर दूध ओतल्या ओतल्याच गेलं असणार, कारण तीन तास पीठ दगडासारखं पडून होतं. आता बोट बुडवलं की गरमही लागत नाही नि गारही लागत नाही, असंच दूध घेते. शंका असली तर आधी अर्ध्या वाटी तशाच पाण्यात चिमूटभर साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटं थांबते. वर फेस आला तर ठीक, नाहीतर पाकीट केरात. (उघडलेलं पाकीट फ्रिजमध्येच ठेवायचं, फडताळात नाही. हेही एक पाकीट वाया घालवून शिकले.)

तर मेमधल्या त्या फजितीनंतर मी रेसिपीला नावं ठेवत होते, तेव्हा सासूबाई भांडं घासता घासता म्हणाल्या, "इडलीचं पीठ मी थंडीत रात्रभर बाहेर ठेवते. उन्हाळ्यात ठेवते का? नऊ वाजताच फ्रिजमध्ये जाते ते. तुझा पाव काय वेगळा आहे?"

वेगळा नव्हताच. इतकी वर्षं त्या हंगाम बघून पीठ आंबवत होत्या, आणि मी भलत्याच हवेतल्या माणसाने लिहिलेला दीड तास धरून बसले होते. जानेवारीत सकाळी दहा-बारा अंशांत त्या पिठाला अडीच तास लागले होते, तेही बंद ओटीजीत (म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) गरम पाण्याचं पातेलं शेजारी ठेवून. मेमध्ये चाळीस मिनिटांत काम झालं असणार. उरलेला वेळ ते नुसतं नासत होतं.

आता उन्हाळ्याचं माझं गणित असं. 400 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम चक्कीची कणीक, साधारण 320 मिली पाणी, 10 ग्रॅम मीठ, दोन चमचे तेल, एक चमचा साखर. थंडीत इन्स्टंट यीस्ट 5 ग्रॅम घालते, उन्हाळ्यात 2. पाणी माठातलं. टाकीचं पाणी दुपारी नळातून उकळल्यासारखं येतं, ते चुकूनही नाही. रात्री दहाला मळायला घ्यायचं. आधी हाताला चिकटतं, पाच मिनिटं वाटतं की पाणी जास्त झालं, मैदा भुरभुरावा. भुरभुरायचा नाही. दहा-बारा मिनिटांनी तेच पीठ ओटा सोडतं, आणि छोटा गोळा दोन्ही हातांनी ताणला की पापडासारखा पातळ होतो, दिव्यासमोर धरला तर पलीकडची बोटं दिसतात, फाटत नाही. झालं. तेलाचा हात लावून, झाकून फ्रिजमध्ये.

पहाटे पाचला बाहेर काढायचं, हलक्या हाताने हवा काढून वळकटी करायची नि टिनमध्ये घालायची. इथे घड्याळ नाही, बोट. पीठ लावलेल्या बोटाने जरा दाबते. खळगा पटकन भरला तर अजून थांबायचं. सावकाश, अर्धवट भरला तर ओव्हन लावायचा. भरलाच नाही तर उशीर झाला. सहाच्या सुमारास 200 अंशांवर टिन आत, 35 मिनिटं. स्वयंपाकघर तापायच्या आत सगळं आवरतं. माझा ओटीजी लहान आहे, एकदा ब्रेड फुगून वरच्या कॉइललाच टेकला आणि डोक्यावर काळा पट्टा घेऊन बाहेर आला, म्हणून आता टिन खालच्या खाचेत. उलटा करून बुडावर टकटक केलं की पोकळ आवाज आला पाहिजे. मग तासभर हात लावायचा नाही, नाहीतर आत गिचका. हा तासभर घरात सगळ्यात जास्त भांडणं होतात.

कणकेचा तो 100 ग्रॅमचा भाग मी पाटवडी रश्श्यासाठी घालायला लागले. बेकरीचा मऊ पाव तर्रीत बुडवला की अर्धा वाटीतच राहतो. हा रस्सा पितो पण तुटत नाही. रविवारी सासऱ्यांनी चार तुकडे खाल्ले आणि वर म्हणाले, "चांगला आहे. पण संध्याकाळी पोळ्याच कर."

फ्रिजमध्ये आता इडलीचं पीठ आणि माझं पीठ शेजारी शेजारी असतं. परवा मी उठले तेव्हा साडेपाच झाले होते, डोळा लागला होता. ओट्यावर माझं भांडं आधीच काढून ठेवलेलं, वर ओलं फडकं. आईंनी अंधारात चुकून काढलं की मुद्दाम, ते मी विचारलं नाही.