सरळ विचारत का नाही?

मी काय काम करते, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. फोनमधल्या सेन्सरच्या आणि सोशल मीडियावरच्या नोंदींवरून मी माणसांच्या रोजच्या वागण्याचा अभ्यास करते, असं म्हटलं की समोरचा माणूस आधी स्वतःचा फोन उलटा करून ठेवतो आणि मग विचारतो, "पण एवढा खटाटोप कशाला? लोकांना सरळ विचारत का नाही?"

विचारतो की! विचारून थकलो म्हणूनच तर फोनकडे वळलो. काल दिवसभरात फोन किती वेळ बघितलात, ते आधी आठवून सांगा आणि मग सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन टाइम बघा. तफावत निघाली तर तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणणार नाही. फोन उघडणं आता पापणी लवण्याइतकं सवयीचं झालंय, त्याचा हिशेब कोण ठेवणार? झोपेचंही तसंच. "मी अकराला झोपते" याचा अर्थ बहुतेकदा "अकराला दिवा मालवते" एवढाच असतो.

२००४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये नेथन ईगल आणि अ‍ॅलेक्स पेंटलंड या संशोधकांनी शंभरेक जणांना नोकिया ६६०० फोन वापरायला दिले. आजूबाजूला कुणाचे फोन आहेत ते हे फोन ब्लूटूथने हुडकायचे आणि टिपून ठेवायचे. शिवाय, तुम्ही कुणाच्या सहवासात किती असता, हे त्या लोकांना विचारलंही होतं. दोन्ही उत्तरं पूर्ण जुळली नाहीत. नुकत्या झालेल्या आणि मनात ठसलेल्या भेटींकडे आठवणीचा ओढा होता. पण त्या अभ्यासातली मला आवडणारी गोष्ट वेगळी आहे. कोण कुणाचा मित्र, हे नुसत्या फोनच्या नोंदींवरून ९५ टक्के अचूक ओळखता आलं. दिवसभर एकाच इमारतीत तर सगळेच असतात. कामाची वेळ आणि जागा सोडून जे एकत्र दिसतात, ते मित्र. इतकं साधं.

म्हणून फोन खरा आणि माणूस खोटा, असं समजू नका. फोनला फोनपुरतंच कळतं. त्यातला अ‍ॅक्सिलरोमीटर तीन दिशांमधलं त्वरण, म्हणजे वेगातला बदल, मोजतो. टेबलावर निपचित पडलेला फोनसुद्धा ९.८ चा आकडा दाखवत असतो, कारण गुरुत्वाकर्षण त्याला जाणवतं. आपण चालताना शरीर सेकंदाला साधारण दोनदा वरखाली होतं, त्या लाटेची शिखरं मोजली की पावलं मिळतात. फोन खिशात असला तर लाट वेगळी, पिशवीत असला तर वेगळी, आणि घरी विसरला असला तर लाटच नाही. त्यात बॅटरी वाचवण्यासाठी फोन आमचं अ‍ॅप परस्पर बंद करून टाकतो. तक्त्यात रिकामी जागा दिसते. माणूस झोपला होता, की चार्जर सापडत नव्हता? माझा निम्मा दिवस या रिकाम्या जागांचा अर्थ लावण्यात जातो, हे मात्र कुणी विचारत नाही.

सोशल मीडियाची भानगड निराळी. तिथे माणूस बोलतो, पण चारचौघांसमोर. स्कॉट गोल्डर आणि मायकेल मेसी या संशोधकांनी ८४ देशांतल्या सुमारे २४ लाख लोकांची ट्विट तपासून २०११ मध्ये दाखवलं, की आनंदाचे शब्द सकाळी जास्त असतात आणि दिवस चढतो तसे ओसरतात. सुटीच्या दिवशी हा सकाळचा चढ सुमारे दोन तास उशिरा येतो. लाखोंच्या बेरजेत हे सुंदर दिसतं. पण एखाद्याने "वा, छान!" लिहिलं तर तो खूश आहे की वैतागलाय, हे त्याच्या बायकोला कळेल, आमच्या प्रोग्रॅमला नाही. तसाही ट्विटरने २०२३ मध्ये संशोधकांचा मोफत प्रवेश बंद केला, त्यामुळे तो दरवाजा आता बराचसा लोटलेलाच आहे.

आणि परवानगी न विचारण्याचं म्हणाल, तर त्याचंही उदाहरण आहे. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने एक आठवडाभर ६,८९,००३ लोकांवर प्रयोग केला, काहींच्या न्यूजफीडमधला आनंदी तर काहींच्या न्यूजफीडमधला दुःखी मजकूर मुद्दाम कमी केला आणि त्यांच्या स्वतःच्या लिहिण्यावर परिणाम होतो का ते पाहिलं. परिणाम अगदी नगण्य निघाला. २०१४ मध्ये शोधनिबंध छापून आल्यावर झालेला गदारोळ मात्र नगण्य नव्हता. त्या माणसांना कुणी सांगितलंच नव्हतं. वापराच्या अटी मान्य केल्या होत्या, हे उत्तर मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

"नावं काढून टाकता ना, मग झालं," असंही लोक म्हणतात. नाही होत. १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदींवर २०१३ मध्ये एक अभ्यास झाला. कुठे आणि किती वाजता, असे फक्त चार ठिपके पुरले. ९५ टक्के लोक गर्दीतून वेगळे काढता आले. म्हणून आम्ही माणूस कुठे होता हे साठवतच नाही. घरापासून किती दूर होता, एवढंच फोन आम्हाला पाठवतो. अभ्यासाला त्याने थोडी लंगडी बाजू येते, येऊ दे.

एक प्रसंग सांगते, त्या बाईंच्या परवानगीने. आमच्या एका सहभागीच्या नोंदींत रोज रात्री दोन ते चार या वेळात पावलंच पावलं दिसू लागली. घरापासूनचं अंतर शून्य. स्क्रीन बंद. आम्ही तिघं त्या आलेखाभोवती गंभीर चेहरे करून बसलो. निद्रानाश, अस्वस्थता, येरझारा, असं सगळं निदान झालं, एकाने तर परिच्छेदही लिहून टाकला. संमतिपत्रात फोन करायची मुभा होती, म्हणून मी भीतभीत फोन लावला आणि सरळ विचारलं.

"अहो, बाळ रडतं," त्या म्हणाल्या. "खांद्यावर घेऊन फिरलं तरच झोपतं. बसलं की पुन्हा सुरू."

मी ओशाळून गप्प. त्यांनीच विचारलं, "किती पावलं भरली?"

मी आकडा सांगितला.

"एवढीच? अहो, निम्म्या वेळा तर फोन पलंगावरच असायचा."