मत नव्हतं, तरी म्हणणं होतं

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात, हॅमिल्टन शहरात मी नऊ वर्षं भाड्याच्या घरात काढली. माउंटनवर, म्हणजे नायगारा कड्याच्या वरच्या अंगाला. इथे त्या कड्यालाच सगळे डोंगर म्हणतात. त्या नऊ वर्षांत आमच्या इमारतीसमोरचा पेट्रोल पंप पाडून तिथे दुकानं झाली, मागच्या मोकळ्या जागेत टाउनहाउसची रांग उभी राहिली. दोन्ही वेळा मला कळलं ते कुंपणाचे पत्रे लागल्यावर.

पुढे कधीतरी मी नियम शोधून वाचला तेव्हा उलगडा झाला. ओंटारियोत एखाद्या जागेचं झोनिंग, म्हणजे तिथे काय आणि किती बांधता येईल याचा नियम, बदलायचं असेल, तर आधी लोकांना कळवून जाहीर सभा घ्यावी लागते. टपालाने कळवायचं झालं, तर ते जागेपासून १२० मीटरच्या आतल्या जमीनमालकांना. मालकांना, राहणाऱ्यांना नव्हे. सात किंवा त्याहून जास्त घरं असलेल्या इमारतीच्या मालकाला फक्त विनंती केली जाते, की ही नोटीस रहिवाशांना दिसेल अशी लावा. आमच्या लिफ्टजवळ मी नऊ वर्षांत अशी एकही नोटीस पाहिली नाही. इमारतीतली कितीतरी माणसं त्या परिसराशी माझ्यापेक्षा जास्त बांधलेली होती. कुणी वीस वर्षं तिथेच राहत होतं. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

म्हणून २०२१ च्या उन्हाळ्यात पत्रपेटीत शहराचं पत्र सापडलं, तेव्हा मी ते जिन्यातच उघडून वाचलं. घर आपलं आहे का, नागरिकत्व आहे का, असलं काही त्यात विचारलेलं नव्हतं. प्रश्न एकच होता. २०५१ पर्यंत हॅमिल्टनची लोकसंख्या ८ लाख २० हजार होईल असा प्रांताचा अंदाज आहे, तर ही वाढ कुठे बसवायची? पहिला पर्याय, शहराची हद्द १,३१० हेक्टरने वाढवायची, म्हणजे तेवढी शेतजमीन घरांखाली आणायची. दुसरा, हद्द आहे तिथेच ठेवून आतच दाटीने बांधायचं. तिसऱ्यात आपल्याला वेगळं काही सुचत असेल तर ते लिहायचं.

मी एका केअर होममध्ये रात्रपाळी करते. सकाळी घरी परतताना कधी कधी सहकारणीच्या गाडीतून शहराच्या कडेच्या एलफ्रिडा या शेतीच्या भागाच्या बाजूने यायचे, राइमल रोड आणि अपर सेंटेनियल पार्कवे मिळतात त्या चौकाच्या पलीकडून. ऑगस्टमध्ये तिथे रस्त्याकडेला मक्याची कणसं टेबलावर मांडलेली असतात, शेजारी पैसे टाकायला डबा. पहिल्या पर्यायात हद्द सरकणार होती ती याच बाजूला. मी दुसऱ्या पर्यायावर खूण केली आणि खालच्या रिकाम्या जागेत लिहिलं, की मी भाडेकरू आहे, मला शहराच्या आत परवडेल असं घर हवंय, आणि ही जमीन एकदा सिमेंटखाली गेली की परत मिळत नाही. इंग्रजी दोनदा तपासलं. माझ्या शब्दांत या देशातल्या कुठल्या सरकारी कागदावर मी आपलं म्हणणं लिहिलं, ते तेव्हा पहिल्यांदा. तोवर नुसते अर्ज भरले होते.

एकूण १८,३८७ उत्तरं आली. त्यातल्या ९०.४ टक्के लोकांनी हद्द वाढवू नका असं सांगितलं. ज्यांना वाढ हवी होती ते म्हणाले, ही पाहणी शास्त्रीय नाही, ज्यांना पोटतिडीक होती त्यांनीच उत्तरं पाठवली. ते खोटं नाही. पण हरकती-सूचनांचं स्वरूपच तसं असतं, ज्याला सांगायचंय तो सांगतो. १९ नोव्हेंबर २०२१ ला नगरसेवकांनी १३ विरुद्ध ३ मतांनी हद्द आहे तिथेच ठेवायचं ठरवलं. शहरातल्या अधिकाऱ्यांची शिफारस हद्द वाढवायची होती, तरीही. मी त्या दिवशी मतदानाची बातमी फोनवर तीन वेळा वाचली.

वर्षाने, ४ नोव्हेंबर २०२२ ला, प्रांत सरकारने शहराचा हा निर्णय फिरवला आणि हद्दीत २,२०० हेक्टर घातले. अधिकाऱ्यांनी सुचवलं होतं त्याहूनही कितीतरी जास्त. त्याच दिवशी ग्रीनबेल्टमधल्या, म्हणजे बांधकामाला बंदी असलेल्या शेतजमिनी आणि रानांच्या संरक्षित पट्ट्यातल्या, १५ ठिकाणची सुमारे ७,४०० एकर जमीन संरक्षणातून काढायचा प्रस्ताव आला, त्यात हॅमिल्टनचीही जमीन होती. ग्रीनबेल्टच्या प्रस्तावावर म्हणणं मांडायला तीस दिवस, ४ डिसेंबरपर्यंत. ओंटारियोत १९९३ पासून पर्यावरणाच्या हक्कांचा कायदा आहे. त्याखाली असे प्रस्ताव एका नोंदवहीवर टाकावे लागतात आणि लोकांना किमान तीस दिवस द्यावे लागतात. मी तिथेही लिहिलं. हजारोंनी लिहिलं. डिसेंबर संपायच्या आत प्रस्ताव होता तसा मंजूर झाला.

हे मला फार लागलं. एखाद्याला घरी बोलवावं, त्याचं सगळं ऐकून घ्यावं आणि तो दारातून बाहेर पडायच्या आत आपलं ठरलेलंच करावं, तसं. या गोष्टी पटकन विसरून पुढे जाणारी माणसं मला माहीत आहेत, मला ते जमत नाही.

पुढचं बहुतेकांना ठाऊक असेल. ऑगस्ट २०२३ मध्ये ओंटारियोच्या महालेखापालांचा अहवाल आला. जमिनी निवडण्याची पद्धत पक्षपाती होती आणि त्या मालकांच्या जमिनीची किंमत ८.३ अब्ज डॉलरपर्यंत वाढू शकत होती, असं त्यात होतं. गृहनिर्माण मंत्री पायउतार झाले. २१ सप्टेंबरला मुख्यमंत्री डग फोर्ड यांनी माफी मागितली आणि ग्रीनबेल्टचा निर्णय मागे घेतला. डिसेंबरमध्ये कायदा करून हॅमिल्टनची हद्दही परत जिथे होती तिथे नेली. हे आमच्या पत्रांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पत्रकार होते, लेखापाल होते, शेतकरी होते, ‘स्टॉप स्प्रॉल’च्या, म्हणजे शहराचा पसरता विस्तार थांबवा म्हणणाऱ्या, पाट्या अंगणात लावून बसलेली शेकडो घरं होती. पण लोकांना हे हवंय असं नंतर कुणालाही म्हणता आलं नाही, कारण लोकांनी काय म्हटलं होतं ते तारखेसकट लिहिलेलं होतं. माझ्या लेखी त्या कागदांची किंमत ही आहे.

आता जी गोष्ट सांगते ती सांगताना मला त्रास होतो, कारण ती आपल्याच बाजूच्या माणसांची आहे. हद्द वाढवू नका म्हणजे आत बांधा. हे आपण लिहून दिलं होतं. मग २०२४ मध्ये स्टोनी क्रीकमधल्या लेक ॲव्हेन्यूवरच्या शहराच्याच पार्किंगच्या जागेवर ६७ परवडणारी घरं बांधायचा प्रस्ताव आला, तर पार्किंग जाईल म्हणून विरोध उसळला. काउन्सिलमध्ये, म्हणजे नगरसेवकांच्या सभेत, ८ विरुद्ध ८ अशी बरोबरी झाली, आणि बरोबरी म्हणजे प्रस्ताव पडला. शेवटी महापौर अँड्रिया हॉरवथ यांनी आपले विशेष अधिकार वापरून तो पुढे नेला. एका माणसाने अधिकार वापरून काउन्सिलला वळसा घालावा हे मला पटत नाही. पण ती ६७ घरं व्हावीत असं मला मनापासून वाटत होतं. या दोन गोष्टी मला अजूनही एकत्र बसवता आलेल्या नाहीत.

त्यानंतर लवकरच आमच्या भागातल्या एका सहा मजली इमारतीचा अर्ज आला. तोवर आम्ही छोटं टाउनहाउस घेतलं होतं, त्यामुळे नोटीस थेट आमच्या नावाने आली. १२० मीटरच्या आत आम्ही! या वेळी मी बोलायचं ठरवलं. नियोजन समितीची बैठक मंगळवारी सकाळी साडेनऊला सिटी हॉलमध्ये असते. ही वेळ कुणाला सोयीची? निवृत्त माणसांना, किंवा ज्यांना रजा टाकता येते त्यांना. माझी रात्रपाळी साडेसातला सुटली होती म्हणून मला जमलं. बसमध्ये मी माझा कागद दहा वेळा वाचला.

माझ्याआधी पाच जण बोलले. पाचही विरोधात होते, सगळे घरमालक, सगळे माझ्याहून मोठे. सावली पडेल, गाड्या वाढतील, परिसराचा बाज बिघडेल. वाईट माणसं नव्हती ती. एक आजी तर आपल्या बागेबद्दल बोलता बोलता रडल्या, आणि त्यांचं दुःख खरं होतं. मग माझी पाच मिनिटं. मी म्हटलं, माझा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे, पूर्णवेळ नोकरी करतो, आमच्या बेसमेंटमध्ये राहतो. ज्यांना या इमारतीत घर मिळेल ती माणसं आज या सभेत नाहीत, कारण ती अजून इथली रहिवासीच नाहीत. त्यांच्या वतीने कुणी बोलायचं? आणि मग मी दोन मागण्या केल्या. तळमजल्यावर तीन खोल्यांची काही घरं असावीत, कारण आमच्यासारख्या घरांत आजी-आजोबाही असतात. आणि बसथांब्याच्या बाजूचा पदपथ रुंद करावा, हिवाळ्यात तिथे बर्फाचा ढीग होतो आणि बाबागाडी रस्त्यावरून न्यावी लागते. एका नगरसेविकेने त्या पदपथाबद्दल मला उलट प्रश्न विचारला. कुठल्या बाजूला, कुठपासून कुठपर्यंत. मंजुरीच्या अटींमध्ये तो पदपथ पुढे दिसला. तीन खोल्यांची घरं दिसली नाहीत.

विरोध करायला किंवा पाठिंबा द्यायला कुणीही जातं. पण बर्फ नेमका कुठे साचतो हे तिथे चालणाऱ्यालाच माहीत असतं, आणि नगररचनेच्या अधिकाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं. हे मला त्या दिवशी कळलं.

कॅल्गरीतली माझी मामेबहीण म्हणते, तुमच्याकडे पाच जण बोलले, आमच्याकडे सातशे छत्तीस. खरंच. २२ एप्रिल २०२४ ला तिथे सगळ्या शहराच्या झोनिंगवर सुनावणी सुरू झाली ती मे महिन्यापर्यंत चालली. प्रत्येकाला पाच मिनिटं. ती दोन दिवस आपला नंबर येण्याची वाट पाहत बसली होती. १४ मेला ९ विरुद्ध ६ मतांनी बदल मंजूर झाला. उलट ब्रिटिश कोलंबियाने २०२३ च्या अखेरीस कायदाच केला, की गावाच्या मूळ आराखड्याशी जुळणारा निवासी प्रकल्प असेल तर त्याच्यासाठी वेगळी जाहीर सुनावणी घ्यायचीच नाही. म्हणजे तिथे बोलायचं असेल तर मूळ आराखडा बनत असतानाच बोललं पाहिजे. नंतर समोरच्या प्लॉटवर फलक लागला की जागं होऊन उपयोग नाही.

ओंटारियोतही दारं लहान होत चालली आहेत. पूर्वी सभेत बोललेल्या किंवा लेखी म्हणणं दिलेल्या शेजाऱ्याला निर्णय पटला नाही तर लवादाकडे अपील करता यायचं. २०२२ आणि २०२४ च्या कायद्यांनी सामान्य रहिवाशाचा हा हक्क बराचसा काढून घेतला. विकसकाचा मात्र राहिला. इतकंच नाही, तर हद्दवाढ नाकारली गेली तर त्यावरही आता जमीनमालकाला अपील करता येतं, म्हणून एलफ्रिडाचा विषय संपलेला नाही. हा असमतोल मला अन्यायाचा वाटतो आणि मी तो आमच्या आमदारांना लिहून कळवला आहे. पण त्यामुळे सभेआधीचं पत्र आणि ती पाच मिनिटं जास्तच मोलाची झाली आहेत. नंतर दाद मागायला जागा उरलेली नाही.

आपली बरीच मुलं-मुली इथे नवीन आहेत. कुणी स्टडी परमिटवर, कुणी पीआरवर, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यावर. महापालिकेच्या निवडणुकीत त्यांना मत नाही, नागरिकत्व येईपर्यंत मलाही नव्हतं. त्यामुळे आपल्याला या कशातच बोलता येत नाही असं ती धरून चालतात. गणपतीच्या कार्यक्रमात मी विचारलं तर जवळजवळ सगळे हेच म्हणाले. तसं नाहीये. आराखड्यावर म्हणणं द्यायला नागरिकत्व लागत नाही, मालकी लागत नाही. नाव आणि पत्ता द्यावा लागतो, आणि तुम्ही लिहिलेलं जाहीर नोंदीचा भाग होतं, हे आधी माहीत असू द्या. निर्णय काय झाला ते कळावं असं वाटत असेल तर पत्राच्या शेवटी तशी लेखी मागणी करा, नाहीतर कळवत नाहीत. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. माझं वाचून कुणी हसलं नाही.

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या इमारतीच्या मागच्या कोपऱ्यावर नवा अर्ज आला आहे. मला रस्त्यावरचा फलक दिसला. मी त्याचा फोटो छापून इमारतीच्या व्यवस्थापकाकडे गेले आणि तो लावायची परवानगी मागितली. त्यांनी कपडे धुण्याच्या खोलीत, ड्रायरच्या वरच्या भिंतीवर जागा दिली. काल तिथल्या जुन्या शेजारणीला भेटायला गेले तेव्हा खाली डोकावले. सभेच्या तारखेखाली कुणीतरी निळ्या पेनाने दोन रेघा ओढल्या होत्या, आणि बाजूला वेगळ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘माझी त्या दिवशी सुट्टी आहे, कोण येतंय?’